बावीस मिनिटांची फायनल

व्लास्ता कुबिश्तोवाने सत्तरी ओलांडली, तरी आमच्या मोरावियातल्या या टेनिस क्लबाच्या लाल कोर्टांवर सकाळी पहिलं पाऊल तिचंच. एप्रिल लागला की विटांचा नवा भुगा पसरायचा, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, सगळं तीच बघते. आणि खेळून झाल्यावर कुणी जाळी न ओढता सटकायला बघितलं, की त्याची धडगत नाही. "ए राजा, हे पायाचे ठसे कोण पुसणार? तुझी आजी?" आमच्याकडे रीतच आहे तशी. जो खेळला त्याने ती जाळी झाडूसारखी कोर्टभर ओढून माती सपाट करायची, त्याशिवाय सामना संपला असं कुणी धरत नाही. मग तो देशाचा चँपियन असो, नाहीतर गावचा खाटीक.

पोरं तिला मुद्दाम डिवचतात. "व्लास्ताकाकू, जिल्ह्यातली सगळ्यात छोटी फायनल तुम्हीच हरलात ना?"

"बावीस मिनिटं!" ती कमरेवर हात ठेवून सांगते. "हिंमत असेल तर मोडून दाखवा."

लाज नाही वाटत बाईला? लाज कसली डोंबलाची! त्या दिवसाची आठवण काढताना तिचे डोळे भरून येतात, आणि तेही दुःखाने नव्हे.

साल एकाहत्तर. व्लास्ता एकोणीस वर्षांची, बेकरीत कामाला. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि बाबा. बाबा रेल्वेत सिग्नलवर. यार्डातल्या अपघातात डावा पाय अधू झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, हातात कायमची काठी. सहा वर्षं लेक खेळत होती, पण त्यांनी एकदाही कोर्टाचं तोंड पाहिलं नव्हतं. "चेंडू इकडून तिकडे. त्यात बघायचं काय?" पण लेक जिल्ह्याच्या फायनलला पोचली म्हटल्यावर गडी विरघळला. ड्यूटी बदलून घेतली. "अडीचच्या बसने येतो. तोवर हरू नकोस म्हणजे झालं."

सामना दोनला सुरू होणार होता. फायनल म्हणजे तास-दीड तास ठरलेला, त्यामुळे काळजी कसली? पण समोर शहरातली लिबुशे उभी होती, आणि व्लास्ताचं अर्धं लक्ष बसस्टॉपकडे. सर्व्हिस रेषेबाहेर जायला लागली. सहा-शून्य. जरा सावरते म्हणेपर्यंत पुन्हा सहा-शून्य. दोन वाजून बावीस मिनिटं! बँडवाले अजून वाद्यं पुसत होते, चुलीवरच्या गुलाशाच्या रश्श्यातलं मांस अजून चामड्यासारखं होतं, चषक आणायला गेलेला माणूस परत आला नव्हता.

हात मिळवताना व्लास्ताला हुंदका आवरेना.

"अगं, हरतं माणूस," लिबुशे म्हणाली. "रडतेस काय एवढी?"

"हरल्याचं नाही गं. माझे बाबा येतायत, अडीचच्या बसने. पहिल्यांदाच. आता काय बघणार ते, माझं तोंड?"

लिबुशेने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उतरणाऱ्या पंचांना हाक मारली. "हानाक मास्तर, जाळी ओढली का अजून?"

"नाही. का?"

"मग तुमच्या रीतीप्रमाणे सामना संपला कुठे?"

हानाक मास्तर म्हणजे नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस. त्यांनी लिबुशेकडे बघितलं, व्लास्ताच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, मग चुलीवरच्या पातेल्याकडे. "गुलाशाला तास आहेच अजून," असं पुटपुटत ते पुन्हा खुर्चीवर चढले. लोकांनाही वेगळं काही सांगावं लागलं नाही, सगळे गुपचूप जागेवर बसले.

बसचा हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळाने स्टॉपच्या वाटेने काठी टेकत बाबा आले. चांगलाच घाम आला होता त्यांना. बाकावर बसून त्यांनी विचारलं, "सुरू झालं वाटतं?"

"आत्ताच," शेजारचा म्हणाला.

मग व्लास्ता अशी खेळली की काय सांगू! लिबुशेनेही हातचं राखलं नाही, तिला पळव पळव पळवलं. चाळीस मिनिटं चाललं ते. शेवटी सहा-चारने लिबुशेच जिंकली, पण ते चार गेम व्लास्ताने स्वतःच्या बळावर घेतले होते. एकेका गेमला बाबा काठी बाकावर आपटायचे. "मार पोरी! मार!" त्यानंतरच दोघींनी मिळून जाळी ओढली.

घरी जाताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "चेंडू इकडून तिकडे, पण बघण्यासारखं असतं."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर व्लास्ता कोर्टातला खड्डा बुजवायला माती आणायला गेली. मातीचा ढीग असायचा मागच्या कुंपणापलीकडे, झुडपांच्या आड; फटींतून कोर्ट मात्र दिसायचं. बादली खाली ठेवली आणि ती थबकलीच. ढिगाच्या कडेला बुटांचे ठसे होते, खोल, कुणीतरी बराच वेळ उभं राहिल्यासारखे. उजवा सरळ, डावा बाहेर वळलेला, आणि शेजारी काठीचं गोल भोक. तिथून ठसे झुडपांमागून निघाले होते, लांबचा वळसा घेऊन बसस्टॉपकडे. आणि स्टॉपकडून आल्यापासून तर बाबा एक क्षणही तिच्या नजरेआड झाले नव्हते.

म्हणजे बाबा आधीच्याच बसने आले होते. बावीसच्या बावीस मिनिटं त्यांनी बघितली होती.

तिने घरी अवाक्षर काढलं नाही. बाबांनीही मरेपर्यंत काढलं नाही. त्या दिवशी तिने ढिगाच्या दुसऱ्या बाजूने माती भरली आणि ते ठसे तसेच राहू दिले.