अबोल्यात दिलेल्या दोन गोळ्या

सायखेड्याच्या बाजूला सरकारी नर्स होते, तेव्हाची, म्हणजे सत्तरच्या दशकातली गोष्ट. तान्ह्यांना अफूची गोळी देऊ नका, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. पालथ्या घड्यावर पाणी! कांद्याची लागवड सुरू झाली की पोराच्या जिभेवर गोळी ठेवायची, त्याला झोळीत घालून बाभळीला टांगायचं, की आई दिवसभर वाफ्यात वाकायला मोकळी. वर कौतुक, "गुणाचं हाय बाई, रडत नाय." मला संताप यायचा. पुढे पुढे तर संतापायचाही कंटाळा आला.

एका दुपारी लसीची पेटी घेऊन बांधावरून चालले होते. झोळीतलं पोर जरा जास्तच गप्प वाटलं.

"कधीपासून झोपलंय गं?"

"सकाळधरनं. आज लय निजलंय," आई वाफ्यातूनच म्हणाली.

वाकून पाहिलं. ओठ निळे. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघायची. पापणी उचलली, तर डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. चिमटा काढला, तरी हूं नाही की चूं नाही.

"किती दिली?"

"एकच. हितं आल्यावर."

पलीकडच्या वाफ्यातून सासू ओरडली, "आगं बया! मी घरीच दिली व्हती की!"

दोघींचं आठवडाभर बोलणं बंद होतं. एका चुलीवरचं खायच्या, पण एकमेकींशी शब्द नाही.

कुणी कांदा फोडून हुंगवायला आणला, कुणी पाणी. "तोंडात काही घालायचं नाही, व्हा बाजूला!" मी खेकसले. पोराच्या नाकातोंडावर तोंड ठेवून गालातली हवा हळूहळू फुंकत राहिले. छाती हलायची, मी थांबले की तीही थांबायची. मळेवाल्याने कोबीचा टेम्पो रिकामा केला. नाशिकपर्यंत मी फुंकतेय, आई तळपायांना टिचक्या मारतेय, सासू मला मागून धरून बसलीय. "जगंल ना हो बाई?" आई सारखी विचारत होती. उत्तर द्यायला माझं तोंड मोकळं नव्हतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नळी लावली. संध्याकाळी पोर टाहो फोडून रडलं. सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बाकावर बसून राहिले. आनंद मानायचंसुद्धा त्राण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच बांधावरून गेले. झोळी बाभळीलाच होती. आधी पोराचा श्वास पाहिला. चालू होता, पण चिमट्याने नुसती कूस बदलली.

"परत दिलीत?"

सून खाली बघत रोपं लावत राहिली. दोघींच्या वतीने सासूच बोलली, मला धीर द्यावा तशी.

"दिली बाई. पर आता एकमेकींना इचारून देतो."