बाबांचं बिनआवाजी इंग्रजी

मिल बंद झाली तरी बाबांच्या कानातले माग चालूच होते. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालायचे तिथे, एवढा खडखडाट असायचा की शेजारच्याला बोंबलून हाक मारली तरी उपयोग नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाजाच्या भानगडीतच पडत नसत. आपण नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे, झालं काम. बाबा आणि समोरच्या मागावरचे त्यांचे जोडीदार अख्खी पाळी अशा गप्पा मारत. जोडीदारकाका माळवी बोलणारे, आमच्याच चाळीत राहणारे, बाबांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे. मिल बंद झाल्यावरच्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यानं गेले. बाबा रडले नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

घरी मात्र बाबा मराठी बोलायचे ते गल्ली गोळा होईल अशा आवाजात. कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात तसंच. सियागंजाच्या बाजारात एका किराणा दुकानात बसू लागले, तर गिऱ्हाईक पाठीमागून काय मागतंय ते कळेना. शेठनं थोड्याच दिवसांत हात जोडले. मग मामानं बातमी आणली. मामा विजय नगरातल्या एका नव्या कंपनीच्या साहेबांची गाडी चालवायचा. तिथे काचेच्या दारापाशी उभं राहायला माणूस हवा होता. वयस्कर, सज्जन, आणि चार वाक्यं इंग्रजीत बोलणारा.

"दारापाशी मेलं इंग्रजी कशाला?" आई म्हणाली.

"ताई, आजकाल दारंसुद्धा इंग्रजी झालीत," मामा म्हणाला.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. शिकवण्याचं काम अर्थात माझ्याकडेच आलं.

मामानं सांगितलेली वाक्यं सगळी एकाच घडणीची होती. साहेबांची गाडी बिल्डिंगच्या मागे लावलेली आहे. मॅडमचं पार्सल टेबलावर ठेवलेलं आहे. मी बाबांना समजावलं, की आधी कुणाचं ते सांगायचं, मग वस्तू, मग तिचं काय केलंय ते, आणि जागा सगळ्यात शेवटी. 'वर', 'मागे' हे आपण जागेच्या नंतर चिकटवतो, ते लोक आधी लावतात. 'सर्स बॅग इज केप्ट ऑन द टेबल.' पाटी-पेन्सिलच्या नादी न लागता मी घरातल्याच वस्तू मांडल्या. आईची पिशवी खुंटीला, बाबांच्या चपला खाटेखाली.

"पण ठेवली कुणी?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"बॅग. टेबलावर ठेवली कुणी?"

"ते सांगायची गरज नसते बाबा. ठेवलेली आहे, बस्स."

"अरे वा! म्हणजे कुणीच नसतं तिथे?" बाबा म्हणाले आणि बराच वेळ त्या पिशवीकडे बघत बसले.

ते माझ्या ओठांवर नजर ठेवून शिकत. दोन दिवसांनी मी म्हटलं, "आता म्हणून दाखवा." बाबा ताठ बसले. भुवया वर गेल्या, हात दाराकडे वळला, ओठ अगदी अचूक हलले. आवाज मात्र नाही. श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"बाबा, मस्करी नको. मोठ्यानं."

पुन्हा तेच. वाक्य संपलं आणि त्यांनी खिडक्या हादरतील अशा आवाजात विचारलं, "बरोबर?"

त्यांना पत्ताच नव्हता. कानात माग चालूच असल्यामुळे आपला आवाज निघाला की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मी आईला बोलावलं. तिनं दारातूनच पाहिलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "ते मिलमधलं बोलतायत गं." मग लगेच आत निघून गेली. ओठांवरून शिकलेलं इंग्रजी त्यांच्या डोक्यात साचेखात्यातच जाऊन बसलं होतं.

एवढ्यावर भागतं तरी चाललं असतं. पण बाबा वाक्य म्हणताना माझ्याकडे बघेनात. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचे, बोलायचे, थांबायचे, मान डोलवायचे. मी वळून पाहिलं की भिंत, खुंटी आणि आईची पिशवी. मग एका दुपारी त्यांच्या ओठांवर मी न शिकवलेलं वाक्य आलं. 'युवर टिफिन इज केप्ट ऑन माय लूम.' तुझा डबा माझ्या मागावर ठेवलाय. बाबा थांबले, समोरच्या मागावरून उत्तर यायला लागेल तेवढा वेळ, आणि खुदकन हसले.

"साहेबांच्या ऑफिसात लूम नसतो बाबा!" मी किंचाळलेच. रागानं नाही, भीतीनं.

"लूम? मी कधी म्हटलं?" ते म्हणाले.

त्यानंतर घरातला त्यांचा आवाजही उतरत गेला. जेवताना पाणी मागायचं तेही ओठांनी. हाक मारायची तीही ओठांनी, मग आमचं लक्ष जाणार कसं? नोकरी मिळाली तर हवीच होती, घरात चूल मामाच्या जिवावर पेटत होती. पण खरं सांगते, मला बाबा हवे होते. ते रोज थोडे थोडे त्या बाजूला चालले होते आणि तिकडे पोचवायला वाक्यं मीच पुरवत होते.

शेवटी एक दिवस मी त्यांचा हात ओढला आणि बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. "सर्स बॅग," मी म्हटलं. बोटांखाली गळा थरथरला. मग तीच बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. "आता तुम्ही."

बाबांचे ओठ हलले. पुन्हा हलले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"माझा गळा हलतच नाहीये गं," ते म्हणाले, आणि हे तेवढं मोठ्यानं म्हणाले. "कधीपासून?"

"चला, पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

दिवसभर आम्ही दोघं गळे धरून बसलो होतो. कुणी बघितलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं. दिवेलागणीला 'केप्ट'वर एक घोगरा आवाज फुटला. "आला! आई, आला बघ!" मी ओरडले. आईनं दोघांच्या हातावर साखर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

मुलाखतीला मी बरोबर गेले होते. मला काचेबाहेर थांबायला सांगितलं. आत साहेब बोलत होते, काचेतून त्यांचा आवाज येत नव्हता. बाबा बोलत होते, त्यांचाही नाही. बाबांचा आवाज निघतोय की नाही, बाहेरून कळायला मार्गच नव्हता. मग दिसलं, शर्टाचं वरचं बटण चाचपल्यासारखी त्यांची बोटं गळ्यावर होती. साहेबांनी मान हलवली.

"लागली!" बाहेर आल्या आल्या बाबा असे गरजले, की रस्त्यावरचा टेम्पोवाला थांबला. सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन आम्ही गरम जिलेबी खाल्ली. घरात पुन्हा पाण्यासाठी आरडाओरडा सुरू झाला, आई पुन्हा "हळू बोला हो" म्हणू लागली. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी तिकडे काही कामानिमित्त गेले होते. म्हटलं, बाबांबरोबरच घरी जाऊ. ऑफिस रिकामं झालेलं. बाबा काचेच्या आत एकटेच उभे होते. हात खाली सोडलेले. ओठ हलत होते.

मागे वळून पाहिलं. विजय नगरात तेव्हा मोकळे प्लॉट होते. माझ्या मागेही तसाच एक, वाळलेल्या गवताचा. माणूस काय, कुत्रंही नव्हतं. मी हात हलवला. बाबांना दिसला नाही. मी पुढे जाऊन अगदी त्यांच्या नजरेसमोर, काचेला नाक लावून उभी राहिले. "बाबा!"

बाबांनी मान डावीकडे कलती केली. साचेखात्यात बोलताना मध्ये कुणी आलं की करत असतील तशी. मीही डावीकडे सरकले. त्यांनी उजवीकडे कलती केली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट इतके खुशीत ते मला मिल सुटल्यापासून दिसले नव्हते. ओठांवर 'युवर टिफिन' आलं, 'माय लूम' आलं, आणि मग ते थांबले, उत्तराची वाट बघत, माझ्या पलीकडे.

मी बाजूला झाले.