मागच्यांनी हलायचं नाही

चष्मा घरी विसरला की काका मूठ डोळ्याला लावायचे. बोटं आवळून मधे मुगाएवढं भोक ठेवायचे आणि त्यातून पनवेल स्टँडवरच्या एसटीची पाटी बिनचूक वाचायचे. लोक हसत. काका म्हणत, "भोक बारीक केलं की जवळचं, लांबचं सगळं दिसतं. उजेड तेवढा कमी मिळतो, म्हणून धीर धरावा लागतो." त्यांची सारी फोटोग्राफी या दोन वाक्यांत होती.

वडाळे तळ्याजवळ त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. खरं आडनाव फार थोड्यांना ठाऊक. बाकी सगळे त्यांना बाराफुटे काका म्हणत. कारण त्यांच्या लेन्सची कडी बारा फुटांवर फिरवून चिकटपट्टीने कायमची बसवलेली होती. छिद्राचा आकडा अकरावर, म्हणजे भोक बारीक. एवढं केलं की सहा फुटांपासून थेट डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ येतं, असं ते सांगत. मी एकदा विचारलं, "मग नेम डोंगरावरच का नाही धरत?"

"डोंगरापलीकडे कोण उभं आहे बघायला? तिकडची स्पष्टता फुकट जाते, आणि इकडे जवळ उभा असलेला माणूस पुसट होतो. म्हणून बारावर थांबायचं. डोंगर आपला आपण येतो."

छिद्र बारीक, त्यामुळे फोटोला वेळ लागायचा. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून काका ओरडायचे, "मागच्यांनी हलायचं नाही! तुम्हीपण फोटोत आहात!" एका साखरपुड्यात मागच्या पंगतीतली माणसं घास हातात धरून थांबली होती. शेवटी मुलाचा मामा कळवळला, "काका, उरका हो, मठ्ठा गरम झाला!"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदवीदानाचा काळा झगा एका दिवसासाठी भाड्याने आणला होता. आमचं गाव खाडीकाठी, बाबा मिठागरावर कामाला. घरासमोर फोटो काढायला काका संध्याकाळी आले. मागे पोपडे सुटलेली भिंत, दोरीवरचे कपडे, ओट्यावर आई आणि उघड्या बटणाच्या सदऱ्यातले बाबा. मी काकांच्या कानाशी म्हटलं, "काका, मागचं धूसर करा ना. मैत्रिणींचे फोटो तसेच आहेत."

"होतं की. छिद्र मोठं उघडायचं, नेम तुझ्यावर धरायचा, मागे सगळं धुकं." त्यांनी आवाज खाली आणला. "काय काय पुसू, सांग. भिंत? दोरी? बाबा?"

मी खाली बघितलं. बाबांना काय कळलं कोण जाणे. ते उठले आणि आईला म्हणाले, "चल, आमी आत जाताव. फोटू पोरीचा हाय."

"आत कुठे निघालात?" काका गरजले. "तिथेच उभे राहा. मागच्यांनी हलायचं नाही! तुम्हीपण फोटोत आहात!"

त्या फोटोत मी फुगलेली आहे. तो मी कुणालाच दाखवला नाही.

पुढे प्रकल्पासाठी गाव उठलं. घर पाडलं, मागचा डोंगरही कापला. सामान हलवताना तो फोटो कुठे गेला तेही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी मोबाइल चाळला. बाबा प्रत्येक वेळी मागेच उभे. कुठे अर्धा खांदा, कुठे नुसता धुरकट ठिपका. त्यातले बरेच फोटो मीच काढलेले होते.

मी काकांकडे गेले. मूठ डोळ्याला लावून त्यांनी एकेका पाकिटावरचं नाव वाचलं आणि आमची निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"पोरी, त्या दिवशी मी तुझ्या बाबांचाच फोटो काढला. तू पुढे उभी होतीस, एवढंच."

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. बाबांचा तो फोटो नव्या घरात दारासमोर लावलाय. निगेटिव्हमधला बाबांपुरता भाग फार मोठा केल्यामुळे त्यात मिठासारखे दाणे दिसतात, पण चेहरा स्वच्छ आहे. ते ताठ उभे आहेत, सरळ लेन्सकडे बघत. आणि आयुष्यभर उघडं राहिलेलं सदऱ्याचं वरचं बटण त्यात लावलेलं आहे. काकांची हाक ऐकल्यावर, मी पुढे फुगून उभी असताना, त्यांनी ते मागे गुपचूप लावलं असणार.