विचारलंस कुणाला?

तक्रार कुठलीही असो, काका आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि एकच प्रश्न टाकायचे, "विचारलंस कुणाला?" प्रिंटर चालत नाही? विचारलंस कुणाला? चहा आला नाही? विचारलंस कुणाला? असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. पहिला आठवडा त्याचा राग येतो, आणि मग त्याच्यावाचून पान हलत नाही.

आमच्या कंपनीचं मोठं ऑफिस पुण्यात, बनारसला चार टेबलांची शाखा. तिथले कॉम्प्युटर काकांच्या हवाली. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीमुळे जेठाच्या भर उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या गळ्यात मफलर. तो काढायचं विसरून ते तसेच राजा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत घरी परतायचे. गल्लीभर ते 'मफलरवाले काका'.

मी पुण्याच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. बनारसच्या घरी बाबा एकटेच. ते घाटाच्या पायऱ्यांवर पडले, खुब्याचं हाड मोडलं. आई नाही, भावंडं नाहीत. लॅपटॉप उचलून मी बनारस गाठलं. साहेबांनी बजावलं, "सोमवारपर्यंत घरून काम सुरू करा, नाहीतर परत या." आणि हा लॅपटॉप! ऑफिसशी जोडलाय असं छाती ठोकून सांगे, पण नकाशांच्या सर्व्हरचं नाव टाकलं की म्हणे, असं नावच नाही. शनिवारी मी अगदी रडकुंडीला आले.

माझा फोन जाताच काका धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी नावाऐवजी सर्व्हरचा नंबर टाकला, तर नकाशे धडाधड उघडले.

"मग मी नंबरच वापरते ना काका!"

"अगं बिटिया, उद्या सर्व्हरने घर बदललं की बसशील बोंबलत. रस्ता ठीक, नावही ठीक. विचारलंस कुणाला?"

"मी कुठे कुणाला विचारलं? लॅपटॉपने विचारलं असेल."

"तेच तर! तो विचारतोय तुमच्या वायफायच्या डब्याला. त्या बिचाऱ्याला पुण्याच्या आतल्या खोल्या काय ठाऊक? नुक्कडच्या पानवाल्याला माझं आधार कार्डावरचं नाव विचार. म्हणेल, 'ऐसा कोई नहीं रहता.'"

कंपनीतली नावं पुण्याला विचारायची, बाकीची घरच्या डब्याला, एवढंच त्यांनी लॅपटॉपला शिकवलं. मी नाव टाकलं. नकाशा उघडला.

पलंगावरून बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे राहणार ना गं तू?"

मी हो म्हटलं. काका मफलरच्या टोकाने उगाच चष्मा पुसत बसले. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. पण मी आपला चहा टाकला.

गेल्या हिवाळ्यात काका निवृत्त होऊन इंदूरला मुलीकडे गेले. खरं सांगते, करमत नाही.

परवा दारात कुरिअरवाला, घरोघरी विचारत आलेला. पाकिटावर पत्ता आमच्या गल्लीचा, पण आडनाव नव्हतं, नुसतंच एक भारदस्त नाव. मी म्हटलं, "ऐसा कोई नहीं रहता, भैया." तो जिना उतरला.

आतून काठी टेकत बाबा दारापर्यंत आले. "अगं वेडे, मफलरवाल्याचं नाव ते!"

मी अनवाणीच धावले. पाकीट ताब्यात घेतलं आणि इंदूरला फोन लावला.

"काका, तुमचं पाकीट परत पाठवत होते हो मी! म्हटलं, असं कुणी राहतच नाही."

काका खदखदून हसले. "बिचाऱ्याने विचारलं कुणाला! मग तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. दारापर्यंत चालत येऊन."

पलीकडे हसू थांबलं. काका चष्मा पुसत असणार.