कुड्याचा काढा

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणगावच्या कॉलेजच्या बाथरूममध्ये होते. मामाला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या बातम्या मला अशाच ठिकाणी कळल्या आहेत. बारावीचा निकालसुद्धा आईने बाहेरून कडी वाजवून, ओरडून सांगितला होता. या वेळी फोनवर मामी होती. ‘‘बाय, मामा गेला गं,’’ म्हणाली आणि रडत रडतच पुढचं सांगितलं. श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत सुपारी गोळा करता करता त्याच्या छातीत कळ आली, तो माडाला टेकून बसला आणि तसाच गेला. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. मी नळ सोडून ठेवला होता, तो बंद करायचं मला सुचत नव्हतं.

मला क्रोन्स नावाचा आजार आहे. हे वाक्य इतक्या सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. शरीराची राखण करणारी जी फौज असते, ती या आजारात आपल्याच आतड्यांवर उलटते. आतडी सुजतात, त्यांना जखमा होतात, रक्त जातं, ताप येतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. औषधांनी तो शांत होतो, पण जात नाही. महिनेच्या महिने बरे जातात, माणूस विसरून जातो, आणि मग एका सकाळी तो परत येतो. माझं हे दहावीत सुरू झालं. आधी सगळ्यांनी त्याला परीक्षेची भीती म्हटलं. मग ओवा झाला, नजर काढून झाली, मग आतड्याचा टीबी समजून कित्येक महिने त्याच्या गोळ्या झाल्या. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आतड्यात कॅमेरा घालून पाहिलं, तेव्हा खरं नाव कळलं. आई रडली. मामाने डॉक्टरांकडून ते नाव पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘नाव इंग्रजी असू दे, पोट आपलंच हाय. सांभाळू.’’

वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि मी मामाच्याच घरी. त्यामुळे माझ्या बाबतीतले निर्णय मामा घ्यायचा आणि अटी आई घालायची. आईची अट एकच होती : हे बाहेर कळता कामा नये. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं, कोण करील अशी सून? मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर मलाही कुणाला कळायला नको होतं. सतरा-अठराव्या वर्षी मैत्रिणी प्रेमात पडत होत्या आणि मी कुठेही गेले की आधी संडास कुठे आहे ते शोधत होते. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, समुद्रावर… इतकी माणसं येतात समुद्रावर, पण तिथे बायकांची सोय कुठे आहे हे कुणाला विचारून पाहा. पोटात कळ उठली की पुढची काही मिनिटं आपली नसतात. त्या मिनिटांत जवळ दार नसेल तर काय होतं, ते एकदा माझं झालेलं आहे, आणि ते मी इथेही लिहिणार नाही.

म्हणून बारावीनंतर मी ठरवून टाकलं की शिक्षण पुरे. मला हवा होता तो कोर्स माणगावला होता, आणि माणगावला जायचं म्हणजे रोजची एसटी. म्हसळ्यापर्यंतची वळणं, पुढचा घाट, मध्ये मैलोन्‌मैल नुसती झाडी. मी घरात सांगितलं, मला शिकायचंच नाही. सगळ्यांना ते पटलं, एक मामा सोडून. तो पुढचे काही दिवस सकाळी उठून मोटरसायकलवर कुठेतरी जायचा, जाताना हँडलला नारळांची पिशवी लावायचा आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन यायचा. मग एका संध्याकाळी झोपाळ्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. ‘‘चल बाय, फॉर्म भर. रस्त्यावर आपली घरं झाली.’’

मला आधी काही समजेना. तो त्या सगळ्या रस्त्यावर हिंडून आला होता. एसटी जिथे थांबू शकते अशा ठिकाणी, रस्त्याला लागून असलेली आणि मागच्या अंगणात नीट संडास असलेली घरं त्याने हेरली होती. प्रत्येक घरी जाऊन, ओळख काढून, चहा पिऊन, नारळ आणि आपल्या वाडीतली रोठा सुपारी देऊन तो सांगून आला होता की अडचण आली तर आम्ही येऊ. मामाला ओळख काढायला काही लागत नसे. समोरच्याचं आडनाव कळलं की पुढच्या पाच मिनिटांत त्याची आत्या मामाच्या मावशीची शेजारीण निघायची. ‘‘तू काय सांगितलंस त्यांना?’’ मी घाबरून विचारलं. ‘‘सांगायचं ते सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘तू नको काळजी करू.’’

ज्या दिवशी माझं पोट ठीक असायचं, त्या दिवशी मी एकटी जायची. ज्या दिवशी नसायचं, त्या दिवशी सकाळीच मामा पिशवी भरून दारात उभा. माणगावच्या व्यापाऱ्याकडे काम आहे, असं तो म्हणायचा. त्या व्यापाऱ्याकडे त्याचं नेमकं माझ्या पोटाच्या दिवशीच काम कसं निघायचं, हे मी कधी विचारलं नाही. कळ उठली की मी फक्त त्याचा हात दाबायची. तो लगेच पोट धरून कंडक्टरकडे जायचा, बेल वाजायची, आम्ही उतरायचो. एसटी निघून जायची. मामा अंगणातूनच ओरडायचा, ‘‘वयनी, आलो हो!’’ आणि आम्ही दोघं घराला वळसा घालून मागे पळायचो. मी आत. तो बाहेर कपडे धुवायच्या दगडावर पाठ करून बसायचा आणि मोठमोठ्याने खोकायचा, म्हणजे दुसरं कुणी येऊ नये. नंतर पडवीत बसून गप्पा, आणि मग मिळेल ती मिनीडोर रिक्षा पकडून पुढे. मी मात्र त्या बायकांकडे मान वर करून कधी पाहिलं नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे, त्या माझी कीव करतात, असं मला वाटायचं.

यातलं सगळ्यात जवळचं घर म्हसळ्याच्या अलीकडचं, सुलभावहिनींचं. बाई बोलायला तडकफडक, पण मामा आला की आतून एक पेला आणून त्याच्या हातात द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मामाचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा व्हायचा. मी एकदा विचारलं, हे काय पितोस? ‘‘घशासाठी काढा हाय. वयनी बनवतात चांगला.’’ एकदा त्यांनी आम्हाला जेवायलाच ठेवून घेतलं. घरात सुरमई आली होती. मला तेव्हा तिखटाचा घासही सोसत नव्हता. ताटं आली, तर माझ्यापुढे सुरमईचं लालभडक कालवण आणि तळलेला तुकडा, आणि मामापुढे मऊ भात, मेतकूट आणि ताक! मासळीवर जीव टाकणारा माणूस तो. वहिनी पाणी आणायला आत वळल्या, तशी मामाने झटकन ताटं बदलली. ‘‘घाई असते गं बायकांना,’’ तो पुटपुटला, ‘‘अदलाबदल झाली.’’ त्या परत येईपर्यंत त्याने निम्मी सुरमई संपवली होती, आणि पावलं ऐकू आली तशी ताटं पुन्हा जागच्या जागी. मला हसू आवरेना. वहिनींनी कौतुकाने माझ्या ताटाकडे पाहिलं. ‘‘पोरीला आवडली वाटतं.’’

अशी वर्षं गेली. मधल्या काळात मला ड्रिपमधून द्यायचं नवं औषध सुरू झालं, वजन थोडं वाढलं, मी शेवटच्या वर्षाला आले. आणि मग मामाच गेला…

तेराव्याला घर भरलं होतं. त्यात सुलभावहिनीही आल्या. मी चहाचा ट्रे घेऊन बायकांत फिरत होते. वहिनी मामीचा हात धरून बसल्या होत्या आणि डोळे पुसत म्हणत होत्या, ‘‘लई सोसलं ओ त्यांनी. पोटाचा तसला आजार, गाडीत बसता येत न्हाय, दर वेळी उतरावं लागायचं… तरी भाचीला कालेजात पोचवायचं सोडलं न्हाय. मी किती वेळा बोलले, पोरगी जाईल एकटी, तुम्ही घरी पडून राहा. ऐकतील तर ना!’’ त्याच रस्त्यावरच्या, मोर्ब्याकडच्या घरून आलेल्या एक खाला मान हलवत होत्या. ‘‘व्हय, व्हय. भाईंचं पोट खराबच हुतं.’’ मामीने एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ट्रेमधला कप उचलून त्यांच्या हातात दिला. आई उठून आत गेली.

मी ट्रे तसाच खाली ठेवला आणि मागे वाडीत जाऊन बसले. मग एकेक गोष्ट आठवत गेली. तो पोट धरून कंडक्टरकडे जायचा, अंगणातून ‘आलो’ म्हणून ओरडायचा. तो पेला. ती ताटं. आईची अट त्याने अशी पाळली होती! म्हसळ्यापासून माणगावापर्यंत त्याने माझा आजार स्वतःच्या नावावर करून घेतला होता, आणि माझ्याकडे कुणी कीव करून पाहतच नव्हतं. मला त्याचा इतका राग आला, इतकं भरून आलं, की त्याने टाकलेल्या सुपारीच्या ढिगाशेजारी बसून मी पोटभर रडले.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा कॉलेजला जायला निघाले. पोट सकाळपासून ठीक नव्हतं. दारामागच्या खुंटीवर मामाची पिशवी होती. मामीने तिच्यात दोन नारळ आणि मूठभर रोठा टाकली. म्हसळ्याच्या अलीकडे कळ उठली. शेजारच्या सीटवर दाबायला हात नव्हता. मी उठले आणि कंडक्टरला म्हटलं, ‘‘थांबवा. माझं पोट दुखतंय.’’ माझं, हा शब्द मी त्या गाडीत पहिल्यांदाच उच्चारला. अंगणातून ‘वयनी’ म्हणून हाक मारली आणि मागे पळाले. बाहेर खोकायला कुणी नव्हतं. कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

पुढच्या पडवीत आले तर वहिनी बुचकळ्यात पडून उभ्या. मी नारळ त्यांच्यापुढे ठेवले आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, ‘‘वहिनी, आजार मामाला नव्हता. मला आहे.’’ त्या खालीच बसल्या.

‘‘म्हणजे मी इतकी वर्षं त्या धडधाकट माणसाला पोटावरचा कुड्याचा काढा पाजला?’’

‘‘हो.’’

‘‘अगं, जिभेवर धरवत न्हाय तो! आणि ते प्यायले?’’

‘‘सगळा. तुम्ही समोर उभ्या असायच्या ना.’’

त्यांनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला कळेना, बहुधा त्यांनाही कळत नसावं. मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘आणि ती सुरमई? ती कोणी खाल्ली?’’

‘‘मामाने. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा.’’

‘‘बरं झालं,’’ त्या म्हणाल्या. डोळे पुसून पुन्हा म्हणाल्या, ‘‘बरं झालं, बाय. ते गेल्यापासून माझ्या जिवाला एकच लागून राह्यलं हुतं… माझ्या घरातनं तो माणूस एकदाही पोटभर जेवून गेला न्हाय म्हणून.’’

मग त्या उठल्या, पिशवी झटकली, तिच्यात परसातलं एक पपनस टाकलं आणि माझ्यासाठी मऊ भात लावायला आत गेल्या.