धाब्यावरून आबा बोलले

माझ्या हातून घोळ पुष्कळ झालेत, पण कर्ण्यावरून अख्ख्या गावाला ऐकू गेलेला घोळ एकच. चहा गार होऊ देऊ नका, ऐका.

मी तेव्हा भुसावळजवळ दीपनगरला, वीजकेंद्रात नोकरीला होतो. सासर धुळ्याकडचं, पांझरेकाठचं एक गाव. आणि सासरे म्हणजे आबा. आता आबा कसे होते हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

गावात एसटीचा थांबा होता मारुतीच्या पारापाशी, पण आबांना जायचं असलं की एसटी त्यांच्या दारापुढे थांबायची. का? तर आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. धुळ्याच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "आबा, काय होतंय?" आबा म्हणाले, "ते तू सांग. शिकेल तू शेस." थोरला मेहुणा नाना चार लेकरांचा बाप झाला होता, तरी बिडी ओढायला गोठ्यामागे जायचा. घरात कुणाला काय भाजी आवडते हे कुणी कुणाला विचारत नसे. आबांना काय आवडतं तेवढं सगळ्यांना पाठ.

मला मात्र ते 'इंजिनेर साहेब' म्हणायचे. मी इंजिनिअर नव्हतो. पण सासऱ्यानं एवढ्या मानानं हाक मारल्यावर दुरुस्त कोण करणार? मी मनातून फार खूश होतो. म्हातारा बाकी सगळ्यांना धारेवर धरतो, पण जावयाची किंमत त्याला कळते, असं मी बायकोला अधूनमधून ऐकवायचो. ती नुसती कपडे वाळत घालायची.

तर मी एक टेपरेकॉर्डर घेतला. घरात टेप आला की शेजारीपाजारी बघायला यायचे, तो काळ. श्रावणात कानबाईच्या सणाला सासरी गेलो, तेव्हा तो बरोबर नेला. सासूबाई, म्हणजे माय, कानबाईची गाणी फार गोड म्हणायची. बायको म्हणाली, "अहो, मायचा आवाज भरून घ्या ना." मी ओट्यावर कॅसेट लावली, बटणं दाबली आणि मायला हातानं खूण केली. ती सूर लावणार, तेवढ्यात आबा शेतातून आले आणि समोर खाटेवर बसले. झालं. मायचा पदर डोक्यावर आला आणि गाणं पोटात गेलं. थोडा वेळ वाट बघून मीही उठून गेलो. टेप बंद करायचा राहिला. नंतर कधीतरी कॅसेट संपून तो आपोआप थांबला. मी समजलो, ही बाजू कोरीच आहे.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. गेले तेही आपल्या मर्जीनं. सकाळी न्याहारी केली, झिपरूला, म्हणजे त्यांच्या जुन्या सालदाराला, दिवसभराची कामं सांगितली आणि खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. घर एकदम मुकं झालं. कुणी मोठ्यानं बोलायचं म्हटलं तरी आधी खाटेकडे बघायचं.

गंधमुक्तीचा, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचा, दिवस ठरला. पाहुणे येणार, पंगती बसणार. नानानं सगळी कामं वाटून दिली. पण मला काहीच सांगेना. मीच म्हटलं, "नाना, भजनांचं माझ्याकडे द्या. टेप आणलाय." नाना जरा घुटमळला, मग म्हणाला, "बरं."

ऑफिसातल्या एका मित्राकडून भजनं उतरवून आणली होती. नवी कॅसेट कशाला वाया घालवा म्हणून तीच, श्रावणातली. एका बाजूला भजनं, दुसऱ्या बाजूलाही भजनंच भरायची होती, पण कॉलनीतली वीज गेली आणि ते राहून गेलं. वीज तयार होते तिथली वीज गेली, यावर तुम्ही हसाल. हसा. मी मात्र ती बाजू राहिल्याचं साफ विसरलो.

मंडपवाल्यानं धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दोन कर्णे बांधले. टेप वरच ठेवला आणि त्याच्यापुढे माइक टेकवला. भजनं सुरू झाली. लांबून येणारे पाहुणे "कुनी करी हाई व्यवस्था?" म्हणून विचारत होते आणि मी मंडपात उगाच इकडून तिकडे फिरत होतो.

पहिली पंगत बसली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. एक बाजू संपली, तसा मी शिडीनं वर गेलो, कॅसेट उलटी केली, बटण दाबलं आणि खाली उतरलो. मंडपाचा एक कोपरा ढिला झाला होता म्हणून मंडपवाल्याच्या माणसानं लगेच शिडी तिकडे नेली.

थोडा वेळ कर्ण्यातून नुसती खरखर. मग आबांचं खाकरणं.

लोकांचे हात ताटात थांबले.

"झिपऱ्या," कर्णा गरजला, "कथा मरी गया रे? बैलस्ले पानी पाजं का?"

पंगतीत बसलेला झिपरू ताडकन उभा राहिला. "जास, आबा," म्हणाला आणि हात न धुता बादली घेऊन गोठ्याकडे निघाला. गोठ्यामागून नाना धावत आला, त्याच्या तोंडातून अजून धूर निघत होता. मागच्या खोलीत बायकांमधे बसलेल्या मायनं पदर डोक्यावर ओढला. हे मला नंतर बायकोनं सांगितलं.

मी शिडी शोधत पळालो. शिडी मंडपाच्या पार त्या टोकाला, तिच्यावर तो माणूस चढलेला, आणि तो वरून कर्ण्याकडे बघत हात जोडून उभा. तो उतरायला तयार नाही.

"भाजी मा मीठ नही शे," आबा म्हणाले.

आचारी हादरला. बिचाऱ्यानं चाखून बघितलं नाही की काही नाही, पातेल्यात ओंजळभर मीठ ओतलं. दुसऱ्या पंगतीची भाजी तिथंच गेली.

मग कर्ण्यातून माझा आवाज आला, श्रावणातला. "आबा, जरा हळू बोला, मशीन चालू आहे."

"मशीन तुमनं व्हई. घर मनं शे."

आता मात्र मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी त्या माणसाला अक्षरशः धरून खाली उतरवलं आणि शिडी खांद्यावर घेतली. टेपवरचा मी तोवर उठून गेलो असणार, कारण मायचा हळू आवाज आला, "गया का जवाई? काही म्हना, सभाव चांगला शे."

"सोनं शे," आबा म्हणाले.

मी शिडी लावता लावता थांबलो. खोटं कशाला सांगू, जरा मान वर करून आजूबाजूला बघितलंही.

"पन तेले काम नको सांगू," आबा पुढे म्हणाले. "एक काम सांगं की दोन बिघाडस."

सगळा मंडप हसला. तेरा दिवस ज्या घरात कुणी हसलं नव्हतं, तिथं म्हातारे डोळे पुसत हसले. मी वर चढलो आणि बटण दाबून टेप बंद केला.

खालचं हसणं थांबलं. मी वाकून बघितलं तर माय ओट्यावर आली होती. दुखवट्यातली बाई एवढ्या लोकांसमोर आली आणि वर बघून म्हणाली, "बंद कसाले करं, जवाईबुवा? बोलू द्या ना त्यास्ले."

माझ्या डोळ्यांत पाणी. घाईघाईनं पुन्हा बटणं दाबली. चाकं फिरायला लागली. आवाज काही येईना. खाली माय, नाना, आचारी, गोठ्यातून परत आलेला झिपरू, सगळे माना वर करून उभे. मी टेपवर थापट मारली, खालच्यांना विचारलं, कान लावला, वाट बघितली. शेवटी कॅसेट संपली आणि खटकन दोन बटणं वर आली. त्यातलं एक लाल होतं, आवाज भरायचं. आबांचं पुढचं सगळं बोलणं मी पुसून टाकलं होतं.

मायपुढे जायची माझी हिंमत होईना. बायकोनंच तिला सांगितलं. माय पदर तोंडाला लावून हसायला लागली.

ती कॅसेट तिनं ठेवून घेतली. दर वर्षी आबांच्या तिथीला सगळे जमले की ती लावते. खरखर, खाकरणं, बैलांचं पाणी, भाजीतलं मीठ. मग आबा म्हणतात, "एक काम सांगं की दोन बिघाडस." त्यानंतर खट्ट असा आवाज, आणि लगेच मी, मोठ्या हुशारीनं, अख्ख्या गावाला विचारतो:

"आता येतोय का आवाज?"