धुतलेल्या बाटल्या

मी आयुष्यभर गढूळ पाणी गोळा केलं. पूर आला की लोक पुलावर फोटो काढायला जातात. मी दोरीला बाटली बांधून पाणी उपसते. नदी कुठली माती उचलते आणि कुठे नेऊन टाकते, हे शोधणं माझं काम. डोंबिवलीत नळाला पाणी किती वाजता येणार ते सांगितलं असतंस तर जास्त मान मिळाला असता, असं माझे दीर अजून म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी कल्याणजवळ मोहने इथे नदीकाठच्या एका चाळीत पाणी शिरलं. चौकशीसाठी समिती नेमली आणि त्यात मलाही घेतलं. पहिल्याच बैठकीत अहवाल तयार होऊन आला. पात्र उथळ झालंय, कारण काठावरचे लोक नदीत कचरा टाकतात. सबब चाळ उठवावी. घरात पाणी यांच्याच शिरलं आणि गुन्हेगारही हेच. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि एक कारण अगदी जवळचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत साफसफाई करणाऱ्या मावशी त्याच चाळीत राहायच्या.

चाळीच्या वरच्या अंगाला नदीलगतच्या शेतावर इमारतींसाठी भराव चालला होता. डंपर येऊन लाल मुरूम ओतायचे. तो मोठ्या पावसात वाहून येत असणार, असा माझा अंदाज होता. मग धो धो पावसाच्या दिवशी मी भरावाच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गाळ खाली बसावा म्हणून त्या प्रयोगशाळेतल्या फळीवर ठेवल्या.

सोमवारी जाऊन बघते तर सगळ्या बाटल्या खिडकीत पालथ्या, काचेसारख्या लख्ख. चिठ्ठ्यासुद्धा खरवडून काढलेल्या.

"ताई, किती घाण बसलेली तळाला," मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या.

मी त्यांना नको ते बोलले. त्याची लाज आजही वाटते, कारण त्यांना त्या बाटल्यांबद्दल मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मग शांतपणे सांगितलं, की ती घाण म्हणजे तुमच्या बाजूची साक्ष होती. मावशी स्टुलावर बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की परत तसा पाऊस कधी लागेल.

तो आठ दिवसांनी लागला, आणि मावशी रजा टाकून माझ्यासोबत आल्या. दोरी त्यांनी धरली. पाणी कुठे संथ होऊन गाळ टाकतं, ते त्यांना कपडे धुऊन धुऊन पाठ होतं. त्यांनी दाखवलेली जागा मला माझ्या नकाशांतून कधी सापडली नसती.

कल्याणच्या बैठकीला मी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. भरावाच्या वरच्या बाटलीत तळाला काळसर पातळ थर. खालच्या बाटलीत बोटभर लाल मुरूम.

"मॅडम, गाळ तो गाळ," अध्यक्ष म्हणाले. "कुठून आला त्याने काय फरक पडतो?"

"गाळालाही गाव असतं, साहेब. याचं गाव वरचा भराव आहे. कचऱ्याचं वाक्य काढा, नाहीतर मी सही करणार नाही."

बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, असं त्यांनी समजावलं. माझ्या नोकरीचीही आपुलकीने चौकशी केली. मी त्यांच्याकडूनच कोरा कागद मागून घेतला आणि माझं भिन्नमत समोर बसून लिहिलं. ते अहवालाला जोडावंच लागलं. त्यामुळे अहवाल वरच्या कार्यालयात अडकला, चाळ आजही जागेवर आहे, आणि त्या सहीच्या रेघेवर माझं नाव अजून नाही. पुन्हा बोलावलं तरी मी तिथे सही करणार नाही.

त्या बैठकीत मी लिहीत असतानाच शिपाई चहाचे कप उचलायला आला. कपांबरोबर त्याने दोन्ही बाटल्याही ट्रेमध्ये घेतल्या आणि बेसिनकडे निघाला. बाटल्यांचा खोका धरून दारात उभ्या असलेल्या मावशी आडव्या आल्या.

"त्या धुवायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "माझं घर आहे त्यात."